‘बंदुकीचा परवाना मिळवून देतो’ : नेत्याच्या आश्वासनात किती दम?

मका कणसात आला की राजूर आणि भोकरदन तालुक्याच्या शिवारात जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत निम्मा फड आडवा करतो. रोही आणि हरणं कोवळ्या सोयाबीनवर ताव मारतात. हातात बॅटरी, काठी आणि फटाके एवढंच घेऊन रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याला कुणी पुढारी म्हणाला, ‘तुम्हाला बंदुकीचे परवाने मिळवून देतो’, तर टाळ्या पडणारच. पण हे आश्वासन तपासायचं कसं? कायदा काय म्हणतो, नेत्यांचा आजवरचा इतिहास काय सांगतो आणि राजूरच्या शेतकऱ्याच्या हाती नेमकं काय आहे, ते समजून घेऊ.

भारतात बंदूक बाळगणे हा हक्क आहे का?

नाही. अमेरिकेत राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला आहे. आपल्याकडे तो मूलभूत हक्क नाही. शस्त्र कायदा १९५९ नुसार परवाना घ्यावा लागतो. विनापरवाना साधी बंदूक सापडली तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा होऊ शकते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘शस्त्रे आणि दारूगोळा’ हा विषय राज्यघटनेच्या केंद्र सूचीत येतो. म्हणजे हा कायदा बदलायचा तर संसदेत. आमदार किंवा जिल्हा परिषद सदस्य ‘कायदा बदलून देतो’ म्हणत असेल, तर ते त्याच्या हातातच नाही.

मग शेतकऱ्यासाठी कायद्यात काहीच नाही?

आहे, आणि सभांमध्ये नेमकं तेच सांगितलं जात नाही. याच कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला, तर तो नाकारण्यासारखं कारण नसल्यास परवाना द्यावा, अशी तिथली भाषा आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही विचार होऊ शकतो. केवळ अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही, हेही कलम १४ मध्ये लिहिलेलं आहे.

थोडक्यात, जे ‘मिळवून देतो’ म्हणून सांगितलं जातं, त्याची वाट कायद्यात साठ वर्षांहून अधिक काळ आहे. अडचण कायद्यात कमी आणि अर्जाच्या प्रवासात जास्त आहे.

अर्जाचा प्रवास कसा असतो?

ग्रामीण भागात परवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे असतो. राजूरकरांसाठी ते कार्यालय जालन्यात. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे जातो. अर्जदाराचं वय किमान २१ वर्षे हवं. अर्ज आल्यावर पोलिसांचा अहवाल मागवला जातो. अर्जदारावर गुन्हे आहेत का, शेजाऱ्यांशी वाद आहे का, मानसिक स्थिती कशी आहे, हे त्यात पाहिलं जातं.

शस्त्र नियम २०१६ नुसार पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो मिळाल्यापासून ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांनी निर्णय घ्यायचा. नकार दिला तर कारण लेखी नोंदवावं लागतं आणि नकाराविरुद्ध अपील करता येतं. या साखळीत पुढाऱ्याच्या शिफारसपत्राला कुठेही स्थान नाही.

परवाना मिळाला, म्हणजे रानडुक्कर मारता येईल?

सर्वांत मोठी गफलत इथेच होते. बंदुकीचा परवाना वेगळा आणि वन्यप्राण्यावर गोळी झाडण्याची परवानगी वेगळी. पहिला विषय महसूल आणि पोलिसांचा, दुसरा वन खात्याचा. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) हे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. उभ्या पिकाला धोका असेल तर वन खात्याचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती नसताना गोळी झाडली, तर परवानाधारक शेतकरीही गुन्हेगार ठरतो.

बिबट्याच्या बाबतीत कायदा आणखी कडक आहे. तो पहिल्या अनुसूचीत आहे. तो माणसाच्या जिवावर उठला असेल आणि पकडणं किंवा बेशुद्ध करणं शक्य नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. त्यामुळे ‘बिबट्यासाठी घरोघरी बंदूक’ ही घोषणा ऐकायला दमदार असली, तरी ती बंदूक बिबट्यावर चालवण्याची मुभा देत नाही.

नेत्यांचा इतिहास काय सांगतो?

शस्त्रांबाबत बोलणं आणि करणं यांतलं अंतर जुनं आहे. १८७८ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या काळात इंग्रजांनी शस्त्र कायदा आणला. भारतीयांना परवाना सक्तीचा आणि युरोपीयांना सूट. त्याविरुद्ध काँग्रेसने पुढे अनेक वर्षे आवाज उठवला. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्कही होता.

स्वातंत्र्य मिळाल्यावर चित्र बदललं. डिसेंबर १९४८ मध्ये हरी विष्णू कामत यांनी घटना समितीत हाच हक्क राज्यघटनेत घालण्याची दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला आणि ती मान्य झाली नाही. डॉ. आंबेडकरांची भूमिका उघड होती, कारणांसह मांडलेली होती. पण पक्षाच्या ठरावातला हक्क सत्ता आल्यावर परवान्यात बदलला, हेही खरं.

अलीकडचं उदाहरण २०१९ चं. आधी एका व्यक्तीला तीन बंदुका बाळगता येत. केंद्र सरकारने दुरुस्ती विधेयकात ती मर्यादा एकवर आणण्याचा प्रस्ताव ठेवला. आक्षेप आल्यावर मर्यादा दोन झाली. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षे केली गेली.

बंदुकीच्या हक्कावर निवडणुका लढवल्या जातात त्या अमेरिकेतही वेगळं नाही. या हक्काचे कैवारी म्हणून निवडून आलेले डोनाल्ड ट्रम्प फेब्रुवारी २०१८ मध्ये, फ्लोरिडातील शाळेत झालेल्या गोळीबारानंतर म्हणाले की धोकादायक व्यक्तीची बंदूक आधी काढून घ्यावी, कायदेशीर प्रक्रिया नंतर. त्यांच्याच सरकारने बंदूक झपाट्याने चालवण्यास मदत करणाऱ्या ‘बंप स्टॉक’ या जोडणीवर बंदी घातली. २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. घोषणा एक आणि निर्णय दुसरा, हा अनुभव सगळीकडचा आहे.

आसामने काय केलं?

मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री हिमंता बिस्व सरमा यांच्या मंत्रिमंडळाने दुर्गम आणि संवेदनशील भागांतील मूळ रहिवाशांना शस्त्र परवाने देण्याची योजना मंजूर केली. देशात एखाद्या सरकारने इतक्या उघडपणे बंदुकीची बाजू घेणं दुर्मीळ. विरोधकांनी त्यावर टीका केली. लोकांचं रक्षण हे पोलिसांचं काम असताना सरकार बंदुका का वाटतंय, हा त्यांचा सवाल होता. तोच सवाल आपल्याकडेही लागू पडतो. परवान्याचं आश्वासन हे अनेकदा वन खातं आणि पोलीस कमी पडत असल्याची कबुली असते.

परवाने खरंच गरजूंना मिळतात का?

शेजारच्या बीड जिल्ह्याने याचं कटू उत्तर दिलं. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचं समोर आलं आणि हवेत गोळीबार करणाऱ्यांच्या चित्रफिती राज्यभर फिरल्या. छाननी होऊन शंभराहून अधिक परवाने रद्द करण्यात आले. छाननीत रद्द होतील असे परवाने मुळात दिले कसे गेले, हा प्रश्न मात्र उरलाच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यातही वाद झाला. पोलीस आयुक्तांनी नाकारलेला एक परवाना गृह राज्यमंत्री योगेश कदम यांनी अपिलात मंजूर केला. अर्जदार एका कुख्यात गुंडाचा भाऊ असल्याने विरोधकांनी टीका केली. न्यायालयाने अर्जदाराला निर्दोष सोडलं होतं, अशी बाजू कदम यांनी मांडली. पोलिसांनी तो परवाना प्रत्यक्षात दिला नाही.

मग आश्वासन देणाऱ्याला काय विचारायचं?

सभेत टाळी वाजवण्याआधी हे चार प्रश्न विचारा :

• पीक संरक्षणाचे किती अर्ज जालना जिल्ह्यात पडून आहेत आणि तुम्ही त्यांचा पाठपुरावा केला का? ही माहिती माहिती अधिकारात मागता येते.

• ३० आणि ६० दिवसांची मुदत पाळली जावी म्हणून तुम्ही सभागृहात कधी प्रश्न विचारला का?

• परवान्यासोबत वन खात्याची परवानगी वेळेत मिळावी यासाठी काय केलं?

• नुकसानभरपाईचे पंचनामे आणि सौर कुंपणाचं अनुदान आमच्या गावापर्यंत का पोचत नाही?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. रानडुक्कर, रोही, हरणांनी केलेल्या पीक नुकसानीसाठी राज्य सरकार भरपाई देतं. वनालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदानाची तरतूद आहे. कुंपण रोज रात्री काम करतं. बंदूक मात्र माणूस जागा असेल आणि हातात लेखी परवानगी असेल तेव्हाच कामाची. शिवाय निवडणूक लागली की छाननी समितीच्या आदेशाने ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागू शकते. हे उपाय वेळेत मिळाले नाहीत की काही जण कुंपणात थेट वीज सोडतात आणि त्यात माणसांचे जीव जातात.

ज्याला खरंच गरज आहे त्या शेतकऱ्याने परवान्यासाठी अर्ज जरूर करावा. पीक पाहणीचा उतारा, नुकसानीचे पंचनामे आणि वन खात्याकडे केलेल्या तक्रारींच्या पोचपावत्या सोबत जोडाव्यात. अर्जाची पोच घ्यावी आणि मुदत उलटली की लेखी विचारणा करावी. यासाठी कुणाच्या बंगल्यावर खेटे घालायची गरज नाही. आणि ‘मी तुमच्या बंदुकीच्या बाजूने आहे’ असं कुणी म्हटलंच, तर त्याने आजवर या कामासाठी लिहिलेलं एक तरी पत्र दाखवावं, एवढंच सांगावं.