शून्य आणि जवळजवळ शून्य

शाळेच्या पुस्तकात शून्य कोन दोन ओळींत आटोपतो. दोन किरण एकमेकांवर तंतोतंत बसले, की कोन ०°. त्याची साइन ०, कोसाइन १. युक्लिडच्या व्याख्येत तर या कोनाला जागाच नाही. कोन करणाऱ्या दोन रेषा एकाच सरळ रेषेत असून चालणार नाही, असं तो सांगतो.

खरी गंमत शून्याच्या अगदी शेजारी आहे.

‘आर्यभटीया’त, म्हणजे इ.स. ४९९ च्या सुमारास, आर्यभटाने ‘ज्या’ची, म्हणजे त्रिज्येने गुणलेल्या साइनची, सारणी दिली. एका अंशाच्या ६० कला धरल्या, की वर्तुळाच्या परिघात २१,६०० कला येतात आणि त्याच मापात त्रिज्या भरते सुमारे ३,४३८. सारणीतला पहिला कोन २२५ कलांचा, म्हणजे ३.७५ अंशांचा. त्याची ज्याही २२५! एवढ्याशा कोनात चाप आणि ज्या यांच्यात मोजण्यासारखा फरक उरत नाही. पुढच्या पायऱ्यांवर ज्येची वाढ २२४, २२२, २१९ अशी मंदावत जाते. कोसाइनचं मात्र उलट. त्याच ३.७५ अंशांत ती ३,४३८ मधून जेमतेम ७ ने घटते. शून्यापासून निघताना साइन पूर्ण वेगाने वाढते आणि कोसाइन जवळपास जागची हलत नाही.

याच शेजारात खगोलशास्त्राचा एक मोठा प्रश्न अडकला होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर जवळचे तारे वर्षभरात किंचित सरकलेले दिसायला हवेत. सोळाव्या शतकात टायको ब्राहेने दुर्बिणीविना सुमारे एका कलेपर्यंत अचूक वेध घेतले. ताऱ्यांचं सरकणं त्याला दिसलं नाही. तारे इतके अफाट दूर असतील हे त्याला पटेना, म्हणून त्याने पृथ्वी स्थिरच मानली. त्याचे वेध उत्तम होते. कोनच त्यांच्या आवाक्याबाहेर होता.

१८३८ मध्ये बेसेलने हंस तारकासमूहातल्या ‘६१ सिग्नी’चा पराशय, म्हणजे या सरकण्याचा अर्धा कोन, जाहीर केला: सुमारे ०.३१ विकला. विकला म्हणजे कलेचा साठावा भाग. अंतर काढायला साइनची सारणी उघडायचीही गरज नव्हती, कारण इथे साइन म्हणजे कोनच. त्रिज्या विकलांत मोजली, तर २,०६,२६५ भरते; तिला ०.३१ ने भागलं, की पृथ्वी-सूर्य अंतराच्या साडेसहा लाख पटींहून अधिक अंतर मिळतं. तिथून प्रकाशाला यायला दहा वर्षांहून जास्त लागतात. आजचा आकडा ११.४ प्रकाशवर्षांचा आहे.

२०१३ मध्ये झेपावलेल्या युरोपच्या ‘गाया’ यानाने तेजस्वी ताऱ्यांचे पराशय विकलेच्या काही लाखांशांइतक्या अचूकतेने मोजले.