श्रद्धेचें स्वातंत्र्य आणि कायद्याचा हात

धर्माच्या नांवाखालीं माणसांना नागविणाऱ्या पंथांस आळा घालावा, हें म्हणणें सोपें आहे. परंतु खरा धर्म कोणता व ढोंग कोणतें हें ठरविण्याचा अधिकार सरकारच्या हातीं गेला, म्हणजे तो उद्यां कोणावर चालेल याचा नेम नसतो. जपाननें हें पाहिलें आहे. १९३५ सालीं तेथील सरकारनें सम्राटाच्या अवमानाचा आरोप ठेवून 'ओमोतो' पंथावर धाड घातली व पुढें त्याचीं मंदिरें जमीनदोस्त केलीं. युद्धानंतर, १९४७ सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या २० व्या कलमानें धर्मस्वातंत्र्याची हमी दिली; आणि मग पोलीसच धर्मसंस्थेच्या उंबरठ्याशीं बिचकूं लागले.

या संकोचाचा लाभ 'ओम् शिन्रिक्यो' या पंथाला झाला. (ओमोतोशीं याचा संबंध नाहीं, नांवांतलें 'ओम्' मात्र हिंदुस्थानांतून उसनें घेतलेलें.) १९८९ च्या ऑगस्टमध्यें त्याची धर्मसंस्था म्हणून नोंदणी झाली. संन्यास घेणाऱ्या अनुयायानें आपली मालमत्ता पंथाला द्यावी व आप्तांशीं संबंध तोडावा, असा तेथला शिरस्ता. मुलें परत मिळावींत म्हणून धडपडणाऱ्या आईबापांची बाजू एका वकिलानें घेतली. त्याच नोव्हेंबरांत तो वकील, त्याची पत्नी आणि तान्हें मूल घरांतून नाहींशीं झालीं. घरांत पंथाचा बिल्ला सांपडला, तरी तपास रेंगाळला. प्रेतें हातीं लागलीं तीं १९९५ सालीं. दरम्यान, १९९४ च्या जूनमध्यें मात्सुमोतो शहरांत आणि २० मार्च १९९५ रोजीं टोकियोच्या भुयारी रेल्वेंत या पंथाच्या लोकांनीं सारीन हें प्राणघातक विष सोडलें होतें. टोकियोंत डझनाहून अधिक माणसें दगावलीं. हजारोंना इजा झाली.

त्या ऑक्टोबरांत टोकियोच्या जिल्हा न्यायालयानें संस्थेच्या विसर्जनाचा हुकूम दिला. पंथानें धर्मस्वातंत्र्याचा धांवा केला. १९९६ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, विसर्जनानें संस्थेचें कायदेशीर अस्तित्व संपतें. श्रद्धा ठेवण्यास वा उपासना करण्यास कोणास मनाई होत नाहीं. हा भेद बारीक खरा, पण सारें प्रकरण त्यावरच उभें आहे. कायदा कृत्याला हात घालतो, देवाला नाहीं.

विषप्रयोगासारखा उघड गुन्हा असला म्हणजे निवाडा तितकासा अवघड नसतो. नरकाची, पितरांच्या यातनांची भीति घालून घरेंदारें विकावयास लावणें, हें मात्र दान कीं लूट? युनिफिकेशन चर्चला आईनें दिलेल्या देणग्यांनीं घर बुडाल्याच्या रागांतून एका इसमानें जुलै २०२२ मध्यें माजी पंतप्रधान शिंझो आबे यांचा खून केला, तेव्हां हा प्रश्न ऐरणीवर आला. खुनाचें समर्थन होऊं शकत नाहीं. पण त्याच डिसेंबरांत, भीति घालून देणगी उकळण्यास व त्यासाठीं कर्ज काढावयास वा राहतें घर विकावयास सांगण्यास मनाई करणारा कायदा झाला. २५ मार्च २०२५ रोजीं जिल्हा न्यायालयानें त्या चर्चच्याही विसर्जनाचा आदेश दिला.

मुलांचा प्रश्न याहून नाजूक. आईबाप आपल्या पायांनीं पंथांत जातात, मुलांना कोणी विचारीत नाहीं. २०२२ च्या डिसेंबरअखेर जपानी आरोग्यखात्यानें सूचना काढली कीं, नरकाचा धाक घालून मुलांस धर्मकृत्यांत ओढणें हा बालछळ ठरूं शकतो.