परदेशी तेलावरचा कर

आपल्या घरी रोज फोडणी पडते. त्या फोडणीचं तेल कुठून येतं? थोडं आपल्या शेतातल्या पिकातून येतं. पण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येतं. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येतं. बोटीने आलेलं तेल बंदरावर उतरतं, तेव्हा सरकार त्यावर कर घेतं. या कराला आयात शुल्क म्हणतात.

पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असे. आयात शुल्क ही देशाच्या वेशीवरची जकात समजा. तिच्यामुळे सरकारी तिजोरीत पैसा येतो. शिवाय बाहेरचा माल महाग पडतो आणि आपल्या मालाला बाजारात जागा मिळते.

आता हिशेब पाहू. बंदरावर १०० रुपयांचं कच्चं तेल उतरलं असं धरा. १४ सप्टेंबर २०२४ पूर्वी त्यावर सगळे अधिभार धरून साडेपाच रुपये कर होता. त्या दिवसापासून तो साडेसत्तावीस रुपये झाला. म्हणजे तेच तेल १०५ रुपये ५० पैशांवरून १२७ रुपये ५० पैशांवर गेलं. पुढे मे २०२५ च्या अखेरीस सरकारने हा कर कमी करून साडेसोळा रुपये केला.

या चढउताराचा कोणावर काय परिणाम होतो? लातूरचं उदाहरण घेऊ. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ. तिथे शेतकरी माल आणतो. आडत्या, हमाल, मापाडी यांचं पोट त्या मालावर चालतं. पुढे कारखान्यात सोयाबीनचं तेल निघतं. परदेशी तेल फार स्वस्त झालं, तर या कारखान्याचं तेल कोण घेणार? कारखाना मंदावला की सोयाबीनला गिऱ्हाईक कमी. मग आडतीतही शुकशुकाट. म्हणून ही मंडळी म्हणतात, "कर वाढवा."

पण बंदराजवळच्या रिफायनरीचं म्हणणं वेगळं. ती परदेशी कच्चं तेल आणून शुद्ध करते. कच्चं तेल हाच तिचा माल. ती म्हणते, "कच्च्या तेलावर कर कमी ठेवा, तयार तेलावर जास्त ठेवा." हेही खोटं नाही. तयार तेलच बाहेरून स्वस्त आलं, तर इथल्या मजुराचं काम जातं. मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरचा कर उतरला, पण तयार तेलावरचा पावणेछत्तीस टक्के तसाच राहिला, तो याच कारणाने.

तिसरा माणूस किराणा दुकानदार, आणि त्याच्यासमोर पिशवी घेऊन उभी असलेली बाई. २०२४ साली दसरा-दिवाळीच्या तोंडावर तेल महागलं. मजुरी करणाऱ्या घराला ती झळ लगेच लागली.

मग शेतकऱ्याला तरी भाव मिळाला का? त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता. बाजारात मात्र भाव त्याच्या खालीच राहिला. असं का झालं? १०० किलो सोयाबीनमधून तेल निघतं सुमारे १८ किलो. बाकी बहुतेक पेंड. पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. त्या वेळी पेंडीचे भाव पडले होते. मका आणि तांदळापासून इथेनॉल करताना उरणारा चोथाही खाद्य म्हणून स्वस्तात मिळत होता. तेलाला कराचा टेकू मिळाला, पण पेंडीने भाव खाली ओढला.

तर मंडळी, ध्यानात घ्या. कर वाढला की दुकानातला भाव लवकर वाढतो. शेतकऱ्याच्या हातात तो पैसा पडेलच, याची खात्री नसते. त्यासाठी हमीभावाचं खरेदी केंद्र वेळेवर उघडावं लागतं. गावकऱ्यांनीही वेळेवर नोंदणी करावी लागते आणि माल चांगला वाळवून न्यावा लागतो.

पुढे कधी आयात शुल्क वाढवणार किंवा कमी करणार अशी बातमी वाचाल, तेव्हा चार जणांत बसून हे विचारा:

१. कर कच्च्या मालावर आहे की तयार मालावर?

२. त्याने कोणाचा धंदा वाचेल? कोणाचा खर्च वाढेल?

३. वाढलेला पैसा पिकवणाऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने येईल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर ग्रामसभेत विचारा. तो तुमचा हक्क आहे.