पडद्यावरचे पडदे

रात्री साडेदहानंतर तळेगाव ढमढेरे शांत होतं. न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून मधूनच एखादा ट्रक जातो, तेवढाच आवाज. तेव्हा मी लॅपटॉप उघडतो, कानाला हेडफोन लावतो, मांडीवर गिटार घेतो आणि चार ओळींचा एकच तुकडा घोटत बसतो. पडद्यावर सहा आडव्या रेघा आणि त्यांवर आकडे. सुरुवात मूळ लयीच्या ४० टक्क्यांवर. दर फेरीला लय ५ टक्क्यांनी वाढते. ७५ वर बोटं अडखळतात. की पुन्हा ४० पासून.

गिटार मी चाळिशीच्या तोंडावर हातात घेतली. पुण्यातला क्लास म्हणजे आधी शिक्रापूर गाठायचं, मग सणसवाडी, कोरेगाव भीमा, वाघोली अशी सगळी कोंडी पार करायची. एका तासाच्या शिकवणीसाठी अर्धा दिवस जायचा. दोन महिने केलं, मग जमेना. त्या वेळी एका मित्राने टक्सगिटार नावाचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून दिलं. आज मला जे काही थोडंफार वाजवता येतं, ते बरंचसं त्याच्यासमोर बसून आलेलं आहे.

गिटारसाठीची ही सॉफ्टवेअर ‘टॅब’ नावाच्या लिपीवर चालतात. टॅब म्हणजे टॅब्लेचर. सहा रेघा म्हणजे गिटारच्या सहा तारा; सगळ्यांत वरची रेघ ही सगळ्यांत बारीक तार. रेघेवरचा आकडा सांगतो की त्या तारेवर कितव्या पडद्यामागे बोट दाबायचं. ० म्हणजे तार मोकळी सोडायची. ही लिपी इंटरनेटच्या जमान्यातली वाटते, पण ती पाचशे वर्षं जुनी आहे. व्हेनिसच्या ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची या मुद्रकाने १५०७ साली फ्रान्चेस्को स्पिनाचिनोचं ल्यूटवादनाचं पुस्तक छापलं, ते याच लिपीत. दुर्बीण आकाशाकडे वळवणाऱ्या गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिलेई हे ल्यूटवादक. संगीत टॅबमध्ये कसं उतरवावं यावर त्यांनी १५६८ मध्ये एक अख्खा ग्रंथ काढला. पुढे पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीने टॅबला मागे सारलं. गिटार घरोघरी गेली तेव्हा टॅब पुन्हा वर आली.

ती वर येण्याचं कारण गिटारच्या घडणीतच आहे. पेटीवर एक स्वर एकाच पट्टीत असतो. गिटारवर तसं नाही. सगळ्यांत बारीक तार मोकळी वाजवली की जो स्वर निघतो, तोच दुसऱ्या तारेच्या ५ व्या पडद्यावर मिळतो, तिसरीच्या ९ व्या, चौथीच्या १४ व्या आणि पाचवीच्या १९ व्या पडद्यावरही. स्वर एक, घरं पाच. पाच रेघांची लिपी फक्त स्वर सांगते, घर शोधणं वाजवणाऱ्यावर सोडते. टॅब थेट घराचा पत्ता देते. ज्याला स्वरज्ञान नाही तोही पत्ता हातात घेऊन पोचतो.

आपल्याकडे पत्ता देण्याची रीत नव्हती, स्वर सांगण्याची होती. विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० साली मुंबईत वाळकेश्वरला झाला. वकिली बाजूला ठेवून ते देशभर फिरले, घराण्यांत बंद असलेल्या बंदिशी मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत मराठी वाचकापुढे ठेवल्या. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, वर उभी रेघ म्हणजे तीव्र, खाली टिंब मंद्राचं, वर टिंब तारसप्तकाचं, फुली ही सम, शून्य ही खाली. इतक्या मोजक्या खुणांवर त्यांनी एवढं मोठं संगीत कागदावर आणलं. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं, तेव्हा त्यांनीही आपली वेगळी स्वरलिपी बांधली होती. दोन्ही लिप्यांत ‘सा’ कुठला हे गाणारा ठरवतो. बोट कुठे ठेवायचं हा प्रश्न तिथे येतच नाही.

गोव्याची गोष्ट निराळी. तिथे चर्चच्या शाळांत मुलं लहानपणीच पाच रेघांची लिपी वाचायला शिकत, आणि त्याच शिदोरीवर गोव्याचे कितीतरी वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालांचे गुरू. संगीतकार चाल गुणगुणायचे आणि सबॅस्टियन डिसोझांसारखे अरेंजर प्रत्येक वादकाचा कागद लिहून काढायचे. घाटावरच्या आपल्या गावांत मात्र चाल ऐकायची आणि पाठ करायची. कागद लागतच नसे. मी वाढलो ते या ऐकून शिकण्यात. त्यामुळे आकडे वाचून वाजवणं सुरुवातीला मला परकं वाटलं.

साध्या टॅबची मोठी उणीव अशी की तिच्यात वेळ नसतो. वहीवर लिहिलेल्या टॅबमध्ये ५, ७, ५ असे आकडे दिसतात, पण कुठला किती थांबवायचा ते कळत नाही. चाल आधी ऐकलेली असेल तरच ती वाचता येते. सॉफ्टवेअरने हीच उणीव भरून काढली. इथे प्रत्येक आकड्याला काळाचं माप असतं: मात्रा, अर्धी, पाव. टक्सगिटार आतल्या हिशोबात एका मात्रेचे ९६० भाग करतं. लिहिलेलं वाजवून दाखवतं, आणि आता कुठल्या आकड्यावर आहोत ते सरकत्या खुणेने दाखवतं. फ्रान्सच्या आरोबास म्युझिकने १९९७ मध्ये ‘गिटार प्रो’ काढलं आणि या प्रकारच्या सॉफ्टवेअरला जगभर वाट करून दिली. त्याची किंमत मोजावी लागते. टक्सगिटार अर्जेंटिनाच्या हुलियान कासादेसुस यांनी जावा भाषेत लिहिलं; ते मुक्त आहे, फुकट आहे, आणि गिटार प्रोच्या जुन्या फायलीही उघडतं. माझ्यासारख्याच्या जुन्या लॅपटॉपवर ते निमूट चालतं, हा त्याचा मोठा गुण.

पण त्याहून मोठा गुण म्हणजे सबुरी. गुरू कितीही प्रेमळ असला तरी तीच ओळ चाळीस वेळा वाजवून दाखवणार नाही, दाखवू नयेही. हे यंत्र दाखवतं. लय कमी केली तरी सूर उतरत नाही, कारण आत आवाजाची ध्वनिफीत नसते. कुठला सूर किती वेळ वाजवायचा याच्या सूचना असतात. कॅसेट हळू फिरवली की गाणं खर्जात जायचं, तसं इथे होत नाही. ज्याच्या गावात गिटारचा मास्तर नाही त्याच्यासाठी ही सोय म्हणजे क्लासच आहे, असं मी अनुभवाने म्हणतो.

फसगतही झाली. एका जुन्या हिंदी गाण्याची फाईल मला मिळाली होती. त्यातला प्रत्येक स्वर बरोबर होता, पण घरं चुकीची. कुणीतरी कानाने ऐकून ती लिहिलेली होती आणि जो पडदा आधी सुचला तो टाकून दिला होता. हात तिसऱ्या पडद्यावरून बाराव्यावर आणि परत अशा उड्या मारत होता. तीन आठवडे मी दोष माझ्या बोटांना देत राहिलो. मग एका रात्री आकडे जवळजवळच्या तारांवर हलवले. सूर तेच राहिले आणि हात मोकळा झाला. पत्ता दिलेला आहे म्हणून तो बरोबरच असेल असं नाही, हे तेव्हा समजलं.

त्यानंतर मी पट्टीचं चित्र नीट पाहू लागलो. टक्सगिटारमध्ये गिटारची पट्टी वेगळ्या खिडकीत दिसते, वाजणारे स्वर तिच्यावर ठिपक्यांनी उमटतात. गिटार शिकणाऱ्या पोराला पहिल्याच महिन्यात पाच स्वरांची एक ठरावीक चौकट पाठ करायला लावतात. रॉक, ब्लूज सगळं तिच्यावर. त्या ठिपक्यांकडे बघताना माझ्या लक्षात आलं की हे सगळे आपल्या ओळखीचे आहेत. सा रे ग प ध हा भूप. त्याच ठिपक्यांत गंधाराला सा मानलं की मालकंस. पंचमाला मानलं की दुर्गा. धैवताला मानलं की धानी, आणि ती ब्लूजवाल्यांची चौकट म्हणजे हीच धानी. मूर्च्छनेची ही गोष्ट पुस्तकात वाचलेली होती. पडद्यावर ठिपके न हलता राग बदलताना पाहिला तेव्हा ती पटली.

मग स्वतःचं काहीतरी बांधायची इच्छा झाली. दुर्गा घ्यायचं ठरवलं, आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात. गिटार वेगळी लावली. नेहमीच्या लावणीतल्या सहापैकी तीन तारा, पहिली, दुसरी आणि सहावी, एकेका स्वराने उतरवल्या. डेव्ही ग्रॅहम या इंग्रज वादकाने मोरोक्कोत ऊद हे वाद्य ऐकल्यावर १९६० च्या दशकात ही लावणी रूढ केली. जाड तारेपासून म्हटलं तर ती सा प सा म प सा अशी आहे. आपल्या तंबोऱ्याला जवळची वाटावी अशी. सॉफ्टवेअरला ही लावणी सांगितली आणि दुर्गाचे स्वर टाकले, तर गंमत झाली: सा ०, रे २, म ०, प ०, ध २, वरचा सा ०. अख्खा राग शून्य आणि दोन या दोनच आकड्यांत बसला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ठेका लिहिताना अडलं. या सॉफ्टवेअरमधले आवाज १९९१ च्या जनरल मिडी ठरावातल्या १२८ वाद्यांचे. त्यात सतार आहे, सनईसुद्धा आहे, पण पखवाज नाही, तबला नाही. पेटीऐवजी रीड ऑर्गन चालवून घेतलं, आणि पखवाजासाठी बोंगो व काँगा जुळवले. चालतं, पण ‘धा’ची घुमक येत नाही. आमच्या आळीतले एक अण्णा भजनात पखवाज वाजवतात. त्यांना हेडफोन लावून ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून दोन आवर्तनं ऐकली आणि म्हणाले, सम बरोबर येतेय, पण समेच्या आधी गाणारा श्वास घेतो, तेवढी जागा सोड. ९६० भागांच्या हिशोबात ती जागा कशी सोडायची ते मला अजून नीट साधलेलं नाही. एक छोटा विराम टाकला आहे.

दुसरी अडचण श्रुतीची. गिटारचे पडदे समान बारा भागांत बसवलेले असतात. त्यातला शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. एक सेंट म्हणजे दोन लगतच्या पडद्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. हाच वाद पेटीवरून झाला होता. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटी दूर ठेवली होती. सॉफ्टवेअरमध्ये तार ओढून स्वर चढवण्याची खूण आहे, पाव स्वरापर्यंत बारीक. पण उतरवायचं तर पडद्यावर जागा नाही. दुर्गात गंधार नाही म्हणून मी त्या प्रश्नातून सुटलो.

मींड मात्र चुकवता आली नाही. दुर्गाचा जीव ‘ध म रे’ या उतरत्या ओढीत आहे. माझ्या शून्य-दोनच्या लिखाणात ध दुसऱ्या तारेवर, म तिसऱ्या मोकळ्या तारेवर, रे चौथ्या तारेवर. स्वर बरोबर, लिहायला सोपं, आणि ऐकायला तीन वेगळे ठोके. एका तारेवरून दुसऱ्या तारेवर घसरता येत नाही. स्वर तोच ठेवून त्याला शेजारच्या तारेवर हलवण्याची आज्ञा दोन कळांत आहे. ध चौथ्या तारेवर नेला, तो ९ झाला. म नेला, तो ५ झाला. रे २ वर होताच. तिन्हींच्या मध्ये घसरणीच्या तिरप्या रेघा ओढल्या आणि वाजव म्हटलं. यंत्राने पडदे मोजत, पायऱ्या उतरल्यासारखी ती मींड वाजवली.

हेडफोन काढून मी गिटार उचलली. चौथी तार, ९, ५, २. एकाच बोटाने, न उचलता.