भेकराचीं सहा सूत्रें

आमच्या नागपुराच्या उत्तरेस पेंचच्या अरण्यांत सांजवेळीं कुत्र्यासारखें भुंकणें ऐकूं आलें, तर तें बहुधा भेकर असतें. शेळीएवढें, लाजरें हरिण. वाघाची चाहूल लागतांच ओरडणारें, एवढीच त्याची ओळख आपणांस असते. परंतु १९७० सालीं याच प्राण्यानें शास्त्रज्ञांस चकित करून सोडिलें.

प्राणिमात्राच्या आनुवंशिक गुणांचा लेख ज्या अतिसूक्ष्म धाग्यांत सांठविलेला असतो, त्यास डीएनए म्हणतात. मनुष्याच्या एका पेशींतील हे सर्व धागे उलगडून एकापुढें एक मांडले, तर सुमारें २ मीटर भरतील. आणि ते राहतात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान अशा केंद्रकांत!

आतां कोणी म्हणेल, मनुष्य सर्वांत श्रेष्ठ, तेव्हां त्याचा धागाही सर्वांत लांब असला पाहिजे. वस्तुस्थिति तशी नाहीं. कांद्याचा धागा आपल्या पांचपट लांब आहे. चातुर्मासांत ज्यास आमच्या स्वयंपाकघरांत मज्जाव, त्याचा हा थाट! दक्षिण अमेरिकेंत फुप्फुसानें श्वास घेणारा एक मासा आहे. त्याचा धागा आपल्या सुमारें तीसपट, असें २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. या लांबीचा बहुतेक भाग म्हणजे त्याच त्या मजकुराच्या असंख्य नकला होत. आपल्याही धाग्यांत प्रथिनें घडविणारा मजकूर शेंकडा दोनांहून कमीच आहे. लांबलचक वंशावळ म्हणून दाखविणाऱ्यांनीं हें जरूर ध्यानांत घ्यावें.

हा धागा अखंड नसतो. त्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांस गुणसूत्रें म्हणतात. मनुष्याचीं ४६, गाईचीं ६०, कुत्र्याचीं ७८. डोरिस वुर्स्टर व कर्ट बेनिर्श्के यांनीं आपल्या भेकराचीं मोजलीं, तों मादीचीं अवघीं ६ व नराचीं ७ भरलीं! सस्तन प्राण्यांत याहून कमी कोणाचींच आढळलेलीं नाहींत. तथापि एकूण लांबी आपल्याहून थोडीशीच कमी आहे. पूर्वजांचीं अनेक लहान गुणसूत्रें टोकास टोक जुळून हीं प्रचंड सूत्रें झालीं. त्यांतील सर्वांत मोठें आपल्या सर्वांत मोठ्या गुणसूत्राच्या सुमारें चौपट लांब आहे.

चीन देशांतील भेकर दिसण्यांत बरेंचसें असेंच. पण त्याचीं गुणसूत्रें ४६. प्राणिसंग्रहांत या दोन जातींपासून धडधाकट पिल्लें झालीं. मात्र बीजपेशी घडतांना आईकडील व बापाकडील सूत्रांची जोडी नीट जमेना, आणि त्यांतले नर वंध्य निघाले.