हिरडा, सुंठ, साखर : पोटाचे एक ‘चिनी’ औषध

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेले कुंभकोणम मराठी माणसाला अगदीच परके नाही. १६७६ पासून १७९९ पर्यंत या मुलखावर तंजावरच्या भोसल्यांचे राज्य होते. बडोद्याचे दिवाण राजा सर टी. माधवराव यांचा जन्मही इथलाच, १८२८ सालचा. आपल्याकडचे यात्रेकरू इथे येतात ते देवळांसाठी आणि बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहमसाठी. जाता जाता डिग्री कॉफी पितात, पितळेची समई घेतात. पण तमिळ गावांच्या बाजारात एक दुकान असे असते की पाहुण्याची नजर त्यावर सहसा ठरत नाही. त्याला म्हणतात ‘नाट्टु मरुंदु कडै’, म्हणजे देशी औषधांचे दुकान. आपल्या काष्ठौषधीवाल्याचा हा तमिळ भाऊच. सुक्कु, तिप्पिली, कडुक्काय, ओमम ही नावे ऐकून गोंधळायला होते. पुडी उघडली की सुंठ, पिंपळी, हिरडा आणि ओवा निघतो.

गंमत अशी, की चिनी वैद्याच्या फळीवरही पोटासाठी यातली बरीचशी औषधे सापडतात. ‘चिनी औषध’ म्हटले की आपल्याला उगीचच काहीतरी गूढ वाटते आणि जाहिरातवालेही या गूढावरच धंदा करतात. तेव्हा निदान पोटापुरते तरी हे औषध आहे काय, ते पाहिलेले बरे.

कुंभकोणमहून पूर्वेला समुद्र गाठला की नागपट्टिनम हे जुने बंदर लागते. सातव्या शतकात वू-शिंग नावाचा चिनी भिक्षू मलायातल्या केदाहून महिनाभर जहाजाने प्रवास करून इथे उतरला होता. पुढे चोळ राजांनी १०१५, १०३३ आणि १०७७ साली चीनच्या दरबारी आपली शिष्टमंडळे पाठवली. माणसे गेली तिथे औषधेही गेली. चिनी भाषेत पिंपळीला ‘बीबो’ म्हणतात, ते आपल्या ‘पिप्पली’वरून आले. हिरड्याचे जुने चिनी नाव ‘हेलिले’. हे हरीतकीचेच, मध्य आशियातून जाता जाता झिजलेले रूप.

वू-शिंगची हकिगत लिहून ठेवली ती इत्सिंगने. हा इत्सिंग स्वतः तमिळ देशात आला नाही. ६७१ साली तो चीनमधून निघाला, सुमात्रामार्गे बंगालच्या किनाऱ्यावर उतरला आणि सुमारे दहा वर्षे नालंदाला राहिला. भारतात त्याने वैद्यकाचाही अभ्यास केला, पण हे काही भिक्षूचे मुख्य काम नव्हे म्हणून सोडून दिला. तरी आपल्या प्रवासवृत्तात त्याने एक गोळी सांगितली आहे. हिरड्याची साल, सुंठ आणि साखर समभाग घ्यावी, हिरडा-सुंठ कुटून साखरेच्या पाण्यात गोळ्या वळाव्यात आणि सकाळी दहाएक घ्याव्यात. जुलाब होत असतील तर दोन-तीन वेळा घेतल्या की आराम पडतो आणि अन्नही पचते, असे तो म्हणतो. साखर नसली तर मध चालेल, हेही सांगायला तो विसरत नाही. आपल्या देशबांधवांनी रोगावर मलमूत्राची औषधे द्यावीत, याचा मात्र त्याला भारी संताप होता!

दुसरी गोष्ट राजवाड्यातली. ती चिनी औषधग्रंथांत येते. खरी किती, दंतकथा किती, ते ज्याने त्याने ठरवावे. तांग सम्राट ताइझोंग (राज्यकाल ६२६ ते ६४९) पोटाच्या विकाराने बेजार झाला. राजवैद्य थकले. तेव्हा एका साध्या अधिकाऱ्याने दुधात पिंपळी उकळून द्यायला सांगितली आणि सम्राटाला गुण आला. त्या माणसाला बढती द्या, असा हुकूम सुटला. मंत्र्याने कागद दाबून ठेवला. काही दिवसांनी दुखणे उलटले, पुन्हा तेच दूध घ्यावे लागले, तेव्हा कुठे सम्राटाला बढतीची आठवण झाली. सरकारी कचेऱ्या सगळीकडे सारख्याच.

कुंभकोणमकडच्या घरांत इत्सिंगच्या गोळीची बहीण दिवाळीला भेटते. आपण पहाटे कारीट फोडून त्याचा कडवटपणा जिभेला लावतो. तमिळ घरांत त्या दिवशी फराळाच्या आधी ‘दीपावली लेहियम’ची बोटभर चाटण देतात. सुंठ, पिंपळी, मिरी, ओवा, गूळ आणि तूप यांचे हे चाटण. दिवसभर जे तळलेले पोटात जाणार त्याची ही आगाऊ तजवीज.

मग यात चिनी ते काय? चिनी वैद्य ‘पोट बिघडले’ एवढ्यावर औषध देत नाही. तो जीभ पाहतो, नाडी पाहतो आणि बिघाड थंड की उष्ण ते ठरवतो. पाण्यासारखे जुलाब, हातपाय गार, गरम शेकाने बरे वाटते, असे असेल तर सुंठ आणि जेष्ठमध. आग, दुर्गंधी, घाण असेल तर ‘हुआंगलिएन’ नावाचे पिवळे, कडूजहर मूळ. जड जेवण बाधले असेल तर मुळ्याचे बी आणि जुनी वाळलेली संत्र्याची साल. आपल्या वैद्याला यात नवल वाटणार नाही. हिरड्याचेच पाहा. आपण बाळहिरडा देतो तो पोट साफ व्हावे म्हणून, आणि चीनमध्ये जुनाट जुलाब थांबायला हिरडा देतात तो भाजून. हे उलटेसुलटे नाही. वाटलेला हिरडा रेचक आणि उकडलेला मलाला बांधणारा, असा फरक आपल्या भावप्रकाशातही केलेला आहे.

आधुनिक परीक्षेला यातले काय उतरते? मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. हुआंगलिएनमधले पिवळे द्रव्य म्हणजे बर्बेरिन. आपल्या दारुहळदीतही तेच असते. बांगलादेशातल्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. एका जातीच्या जंतूच्या जुलाबात त्याचा फायदा दिसला, कॉलऱ्यात मात्र फारसा नाही. नवजात बालकांना हे कडू मूळ कदापि देऊ नये, कावीळ वाढण्याचा धोका असतो.

इत्सिंगचा एक सल्ला मात्र आज जसाच्या तसा घेता येत नाही. पोट बिघडले की उपास, यावर त्याचा फार भर आहे, आणि आपल्याकडेही लंघनाचा महिमा मोठा. धडधाकट माणसाने एक वेळचे जेवण टाळले तर बिघडत नाही. पण जुलाब होणाऱ्या तान्ह्या मुलाचे दूध तोडणे किंवा पाणी बंद करणे जिवावर बेतते. मूल दगावते ते बहुधा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडाने पाजून हजारो लोक वाचवले. मेल्यावर, २०२३ साली, त्यांना पद्मविभूषण मिळाले.

हे पाणी घरी करायचे तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त नको. ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तमच, फक्त ती किती पाण्यासाठी आहे ते वाचून घ्यावे. अंगावरचे दूध आणि मऊ भात चालू ठेवावा. डॉक्टर मुलांना दहा ते चौदा दिवस झिंकही देतात. शौचातून रक्त पडले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, मूल पेंगू लागले किंवा उलटीमुळे पाणीच ठरेना, तर सुंठ-हिरडा बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा.

नाव न कळणाऱ्या चिनी गोळ्यांपासूनही दूर राहावे. बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळाऐवजी सारख्या नावाचे भलतेच मूळ गेले आणि बायकांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९३ साली ही गोष्ट उजेडात आली. ते मूळ ज्या कुळातले, त्याच कुळातली आपल्याकडची सापसंद किंवा ईश्वरी. खेड्यापाड्यांत ती मुलांच्या पोटदुखीवर उगाळून देतात. ती देऊ नये.

सुंठ-हिरड्याची गोष्ट वेगळी, ती ओळखीची आहे. गरोदर बाईने हिरडा घेऊ नये. इतरांनीही वैद्याला विचारून, बेताने. विकत घेताना पूड न घेता अख्खे फळ घ्यावे. चांगला हिरडा भरीव आणि जड असतो, पाण्यात टाकला की बुडतो.