नखांच्या बुरशीवर लेसर : उपकरण खरेदी आणि नियमन

पायाचे नख जाड होणे, पिवळे पडणे, ठिसूळ होऊन तुटणे ही नखांच्या बुरशीसंसर्गाची परिचित लक्षणे होत. वैद्यकीय परिभाषेत या विकारास ‘ऑनिकोमायकोसिस’ म्हणतात आणि ‘ट्रायकोफायटन रुब्रम’ ही बुरशी त्याचे प्रमुख कारण आहे. हा आजार प्राणघातक नसला, तरी मधुमेही रुग्णाच्या बधिर पायाला जाड नखामुळे होणारी जखम चिघळू शकते. टर्बिनाफिन या औषधाच्या गोळ्या सामान्यतः बारा आठवडे दिल्या जातात. परंतु यकृताचा विकार असणाऱ्यांना त्या देता येत नाहीत. शिवाय पायाचे नख महिन्याला सुमारे दीड मिलिमीटरच वाढत असल्याने पूर्ण निरोगी नख येण्यास वर्ष ते दीड वर्ष लागते. ‘गोळ्यांविना, वेदनेविना’ अशी जाहिरात करणाऱ्या लेसरकडे रुग्ण आणि दवाखाने वळतात ते यामुळेच. प्रस्तुत लेखात अशा उपकरणाच्या खरेदीमागील वैद्यकीय आणि नियामक बाजूंचा विचार केला आहे.

मान्यता नेमकी कशास?

या उपचारासाठी मुख्यत्वे १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा निओडिमियम-याग लेसर वापरला जातो. त्याची ऊर्जा नखातून आत जाऊन उष्णता निर्माण करते आणि त्या उष्णतेने बुरशीची वाढ रोखली जावी, अशी अपेक्षा असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये या प्रकारच्या उपकरणास विक्रीची अनुमती दिली. मात्र तिचा आशय ‘नखाच्या स्वच्छ भागात तात्पुरती वाढ’ एवढाच आहे. ‘बुरशीचे निर्मूलन’ असे त्यात म्हटलेले नाही. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात ‘अमेरिकेत मान्यताप्राप्त’ हे शब्द ठळक असतात, ही मर्यादा क्वचितच दिसते. कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यानुसार, या लेसरमुळे बुरशी नष्ट होण्याच्या प्रमाणात फारसा फरक पडत नसावा. अर्थात त्यासाठी उपलब्ध असलेला पुरावाही कमी दर्जाचा होता. त्यामुळे खरेदीदाराने किंमत विचारण्यापूर्वी उपकरणाचा ‘अभिप्रेत उपयोग’ तपासला पाहिजे.

भारतातील नियमन

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये केलेले वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ हे दि. १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. त्यांत जोखमीनुसार अ, ब, क आणि ड असे चार वर्ग आहेत. शरीरास ऊर्जा देणारी उपचारात्मक उपकरणे सर्वसाधारणपणे ब वर्गात येतात. ऊर्जा देण्याची पद्धत धोकादायक ठरू शकत असेल, तर ती क वर्गात जातात. प्रारंभी मोजकीच उपकरणे नियमनाच्या कक्षेत होती. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने दि. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे ‘औषध’ या व्याख्येत आणली. पुढे अ आणि ब वर्गांसाठी ऑक्टोबर २०२२ पासून, तर क आणि ड वर्गांसाठी ऑक्टोबर २०२३ पासून परवाना पद्धती लागू झाली.

परीक्षार्थींचा येथे अनेकदा गोंधळ होतो. अ आणि ब वर्गांतील उपकरणांच्या देशांतर्गत उत्पादनाचा परवाना राज्याचे प्राधिकरण देते; क आणि ड वर्गांसाठी, तसेच कोणत्याही वर्गाच्या आयातीसाठी, केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना सक्षम आहे. क्ष-किरण यंत्राप्रमाणे लेसरला अणुऊर्जा नियामक मंडळाची अनुज्ञप्ती मात्र लागत नाही, कारण लेसरचा प्रकाश आयनकारी प्रारणात मोडत नाही.

खरेदी करताना

आयात केलेल्या यंत्रासाठी विक्रेत्याकडून ‘एमडी-१५’ नमुन्यातील आयात परवान्याची प्रत मागावी. त्यावरील निर्माता, प्रतिरूप आणि उपयोग हे तिन्ही तपशील देकाराशी ताडून पाहावेत. स्वस्त, वापरलेल्या यंत्रांचा मोह मोठा असतो. परंतु दुरुस्त करून विकल्या जाणाऱ्या उपकरणांच्या आयात परवान्याची तरतूद २०१७ च्या नियमांत नसल्याचे केंद्रीय संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये सीमाशुल्क अधिकाऱ्यांना कळविले होते.

खरेदीची किंमत हा एकूण खर्चाचा एक भाग झाला. हमीनंतरचा देखभाल करार, सुट्या भागांची उपलब्धता, ऊर्जामापनाची नियतकालिक पडताळणी आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांचा उल्लेख निविदेतच हवा. १०६४ नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण थेट दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. म्हणून याच तरंगलांबीसाठी प्रमाणित केलेले चष्मे रुग्णासह खोलीतील प्रत्येकास आवश्यक ठरतात. दुसऱ्या लेसरचे जुने चष्मे येथे निरुपयोगी ठरू शकतात. उपकरणामुळे इजा झाल्यास तिची नोंद भारतीय औषधकोश आयोगाच्या समन्वयाने २०१५ पासून चालणाऱ्या उपकरण-दक्षता कार्यक्रमाकडे करता येते.

आयातीवरील अवलंबित्व कमी करण्यासाठी २०२० मध्ये ३,४२० कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना आखण्यात आली, तर एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरणास मंजुरी मिळाली. सार्वजनिक खरेदीत स्थानिक मूल्यवर्धन करणाऱ्या पुरवठादारांना २०१७ च्या आदेशान्वये प्राधान्य मिळते.

लहान दवाखान्यासाठी मात्र आणखी एक प्रश्न उरतो. विकृत दिसणाऱ्या नखांपैकी सुमारे निम्म्यांतच बुरशी असते. उरलेल्यांत सोरायसिस, इजा किंवा घट्ट पादत्राणे यांसारखी कारणे आढळतात. नखाचा कीस पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास बुरशीचे तंतू ओळखता येतात. ही तपासणी अल्प खर्चात होते आणि लेसरचे पहिले सत्र ठरविण्यापूर्वी तिचा निष्कर्ष हाती असावा लागतो.